चार कार्डं अन् पायलीभर ज्वारी

आधी एक सांगून ठेवते. मी अडाणी बाई न्हाई. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय. "कमलबाईला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय" असं जे पेडगावात बोलत्यात, त्यांनी आधी आपल्या पोरांचे पाढे ऐकावेत अन् मंग तोंड उघडावं. चूक झाली, मान्य. पण ती कशी झाली ते माझ्या तोंडून ऐका, धुरपताबाईच्या तोंडून नको.

आमची सून प्रियांका हैदराबादच्या एका कंपनीत हाय. कॉम्प्युटरवर चित्रं तयार करायची अन् ती हलवायची, असं तिचं काम. काम घरून करणार, हे लग्नाआधीच ठरलं होतं. योगीराज, म्हणजे माझा मुलगा, परभणीला कॉलेजच्या हापिसात. सकाळी जातो, संध्याकाळी येतो. माझे मालक दिवसभर शेतात. घरात आमी दोघीच. खरं सांगू? तीस वर्षं या घरात माझ्याशी कुणी बोललंच न्हाई. मालकांचं बोलणं म्हणजे "पाणी", "भाकर" अन् "लाईट आली का". प्रियांका आली अन् घराला तोंड फुटलं. दुपारच्या चहाला ती तिच्या साहेबाची नक्कल करायची, मी आमच्या हेडमास्तरची. हसून हसून ठसका लागायचा. माझी सून मला लय आवडते. हे मी तिला कधी सांगितलं न्हाई, कारण आमच्यात तसं सांगत न्हाईत.

तर औंदा त्या कंपनीनं तिला बोंडअळीचा सिनेमा करायला दिला. कपाशीवरची बोंडअळी. दोन मिनिटांचा, शेतकऱ्यांना दाखवायसाठी. अळी गुलाबी, अंगावर बारीक केस, अन् पडद्यावर म्हशीच्या रेडकाएवढी. मालकांनी पैल्यांदा बघितली तेव्हा दारातच थबकले.

"जिच्यापायी मी जिंदगीभर फवारे मारले," ते म्हणले, "तिला ही घरात पोसायली."

या अळीचे तीन हजार फोटो काढायचे होते. एकेका फोटोत अळी केसभर पुढं सरकते, अन् ते सगळे भराभरा दाखवले की ती चालताना दिसते. फोटो मशीन काढतं, त्याला रेंडर म्हणत्यात. अळीच्या एकेका केसावर ऊन कसं पडेल हे मशीन मोजत बसतं, अन् ते मोजायला ग्राफिक कार्डं लागत्यात. आधी दोन होती, तवर सगळं सुरळीत चालू होतं. पण दोन कार्डांवर वेळ लय जायचा, म्हणून कंपनीनं आणखी दोन पाठवली. मंग परभणीहून एक लोखंडी मांडणी वेल्डिंग करून आणली. तिच्यावर चार कार्डं ओळीनं उभी, प्रत्येकाला तीन-तीन पंखे, खाली दोन पॉवर सप्लाय. बॅटरीच्या डब्याला एवढं ओझं पेलवत न्हाई म्हणून सगळं सरळ भिंतीतल्या लायनीवर जोडलेलं. रात्री शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्या घरातला पंखासुद्धा पाय ओढत फिरतो, त्यामुळं रात्री मशीन बंद. जे काय करायचं ते दिवसा.

अन् दिवसा ते मशीन मधेच बंद पडायला लागलं.

बंद म्हणजे कसं, चांगलं घूं घूं चालू असायचं, पंखे फिरायचे, अन् एकदम चूप. परत आपोआप चालू व्हायचं, पण फोटो काढणं सोडून नुसतं बसून राहायचं. प्रियांका दोन तासांनी जाऊन बघायची तर दोन तास पाण्यात. दिवसाला सहाशे फोटो निघायला पाहिजेत तिथं शंभर-सव्वाशे निघायचे.

सगळ्यात बेजार करणारी गोष्ट ही, की ती समोर बसली की मशीन बंद पडत न्हाई. हाताची घडी घालून चार-चार तास बसायची, मशीन गुणी लेकरासारखं चालायचं. ती म्हणायची, "बरं झालं, मिटलं एकदाचं." अन् अंघोळीला उठली, की बंद.

"मामी, हे माझ्याशी वैर धरायलंय," ती मला म्हणली. आमच्याकडं सासूला मामी अन् सासऱ्याला मामा म्हणत्यात. डोळे लाल झालेले.

तिनं काय करायचं बाकी ठेवलं न्हाई. एक कार्ड काढून बघितलं, दोन काढून बघितली. एकाच केबलीवरून एका कार्डाला दोन तोंडं लावली होती, ती सोडवून प्रत्येक तोंडाला वेगळी केबल दिली. कार्डांची ताकद थोडी थोडी कमी केली. दर वेळी समोर बसून तपासायची, दर वेळी झकास चालायचं, अन् दर वेळी ती उठली की राम म्हणायचं.

आता मी यात कुठं होते? मी आपली माझ्या कामात. सुनेच्या कामाला मी किती जपते ते सांगते. आमच्या सैपाकघरात घरघंटी हाय. ज्वारीचं पीठ ताजंच लागतं. चार दिवस ठेवलं की त्याची जिगट जाते अन् भाकर थापताना चिरते. त्यामुळं मी थोडं थोडं रोजच्या रोज दळते. एकदा हिची मीटिंग चालू असताना मी घरघंटी लावली, तर हैदराबादचा साहेब विचारायला लागला की तुमच्या घरावरून हेलिकॉप्टर चाललंय काय. त्या दिवशी प्रियांका मला हळूच म्हणली, "मामी, मी मशीनपुढं नसले की दळत जा ना."

मी म्हणले, "बरं बाई." अन् दिलेला शब्द मी पाळला. ती खुर्चीत हाय तवर मी घरघंटीला बोट लावत नव्हते. ती अंघोळीला उठली, जेवायला बसली, फोनवर बोलत अंगणात गेली, की मी बटन दाबायची. धुरपताबाई शेजारीच राहते. तिची पायलीभर ज्वारी पण मीच दळून द्यायची. सुनेला तरास नको म्हणून एवढं तोंड दाबून दळणारी सासू अख्ख्या परभणी जिल्ह्यात मिळायची न्हाई.

शेवटी तिनं परभणीहून सिद्धोधनला बोलावलं. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान हाय त्याचं. निघाला माझाच विद्यार्थी. चौथीत असताना सातचा पाढा त्याला बेचाळीसच्या पुढं कधी गेला न्हाई. मला बघितलं अन् स्टुलावरून उठून उभाच राहिला.

"बस रे," मी म्हणले, "दुरुस्तीला आलायस, परीक्षेला न्हाई."

त्यानं दोन्ही पॉवर सप्लाय बदलले, नवे घातले. मीटर लावून बघितलं. म्हणला, "बाई, व्होल्टेज जरा कमीच हाय तुमच्याकडं, पण चालायला पाहिजे." मंग तो अन् प्रियांका समोर बसले. तीन तास. दोन वेळा चहा झाला, पोहे झाले. मशीन टुणटुणीत. सिद्धोधन म्हणला, "वहिनी, सप्लायच कमजोर होते, आता बिनधास्त राहा." हेल्मेट घातलं. प्रियांका त्याला वाटंला लावायला फाटकापर्यंत गेली. मी म्हणले, बरी उसंत मिळाली, अन् संध्याकाळच्या भाकरीपुरतं दळून घेतलं.

त्याची गाडी कोपऱ्यावर पोचली नसेल, घरातून प्रियांकाची किंकाळी.

तो परत आला. परत बसला. परत मशीन टुणटुणीत. जाताना बिचारा इतका हिरमुसला होता, की मी त्याला सातचा पाढा माफ करून टाकला.

दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या साहेबाचा फोन आला. स्पीकर चालू होता, मी ऐकला. म्हणला, "प्रियांका, शनिवारी बारापर्यंत सिनेमा पाहिजे. न्हाई जमलं तर घरून काम बंद. एक तारखेपासून इथं हापिसात येऊन बसायचं." संध्याकाळी योगीराजला सांगितलं, तर तो म्हणतो, "जाऊ की मंग. मी पण तिकडं काहीतरी बघतो." एवढं सहज! मालक म्हणले, "भाकर."

अन् इथं धुरपताबाई आली ज्ञान पाजळायला. म्हणली, "कमलबाई, मशीनला एकटं करमत न्हाई. समोर कुणीतरी बसायला पाहिजे."

मी एकतीस वर्षं पोरांना शिकवलं की असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये. पण प्रियांकाला बाकीचं पण काम होतं, दिवसभर ती तरी किती बसणार? मी म्हणले, "मी बसते." मंगळवारी दुपारी तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप मांडीवर घेऊन बसले. एक तास. दोन. पाच वाजले. मशीन हूं न्हाई की चूं न्हाई. तीनशे फोटो!

बुधवारी सकाळपासून बसले. शेंगा सोलून झाल्या, वाती वळून झाल्या. सहाशे फोटो. प्रियांका निवांत जेवली, दुपारची झोपली. उठून बघते तर मशीन चालूच. तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. "मामी, तुमचा हात लय गुणाचा हाय!"

झालं. धुरपताबाईनं ऐकलं म्हणजे गावानं ऐकलं. बाया बघायला यायला लागल्या. म्हणे, कमलबाई बसली की मशीन बंद पडत न्हाई. मी पण, खोटं कशाला सांगू, फुगले. कुणी आलं की जरा सरळ बसायची अन् मशीनकडं बघून मान डोलवायची. धुरपताबाई मला ओढून तिच्या गोठ्यात घेऊन गेली. म्हैस दोन दिवस दूध चोरत होती. "एकदा हात ठेवा." मी ठेवला. त्या टायमाला म्हशीनं तीन लिटर दूध दिलं. मंग तर मला स्वतःलाच माझी भीती वाटायला लागली.

या सगळ्या भानगडीत दळायला कुणाला फुरसत होती? घरातलं ज्वारीचं पीठ बुधवारीच संपलं. गुरुवारी पोळ्या केल्या, शुक्रवारी पोळ्या केल्या. मालक शुक्रवारी रात्री ताटाकडं बघून म्हणले, "या घरात कोण आजारी हाय?"

शनिवार उजाडला. साडेनऊला नव्वद फोटो राहिले होते. मिनिटाला एक, म्हणजे अकराला काम फत्ते. प्रियांकाच्या चेहऱ्यावर आठ दिवसांनी रंग आला. म्हणली, "मामी, मी डोकं धुऊन येते. तुमी हाव ना?" म्हणलं, मी हाय, जा.

मी बसले. बसल्या बसल्या मनात आलं, आज सून जिंकणार, नवरा दोन दिवस पोळीवर हाय, आज तरी त्याच्या ताटात भाकर पडू दे. ती मशीनपुढं न्हाई, म्हणजे दळायला मोकळीक. अन् घरघंटी कुठं लांब हाय? सैपाकघराच्या दारात उभं राहिलं की मशीन समोर दिसतं. मशीनवर नजर पण राहील अन् दळण पण होईल. मी पायलीभर ज्वारी ओतली अन् बटन दाबलं.

घरघंटीनं धर्रर्र केलं. डोक्यावरचा दिवा मिणमिणला. अन् माझ्या डोळ्यांदेखत त्या चारी कार्डांचे बाराच्या बारा पंखे थांबले. अळीचं तोंड काळं झालं.

मी बटन बंद केलं. मशीन आपोआप चालू झालं अन् नुसतं बसून राहिलं.

मी तिथंच उभी. मला प्रियांकाच्या अंघोळीच्या वेळा आठवल्या, जेवणाच्या आठवल्या, सिद्धोधनचं हेल्मेट आठवलं. चार कार्डं एका दमात जेवढी वीज ओढत होती तेवढीच ती जुनी वायर कशीबशी देत होती, अन् त्यात मी घरघंटी लावली की सगळ्यांनाच कमी पडत होती. हे पाचवीच्या पोराला कळेल. मला कळलं न्हाई. मी गुणाचा हात घेऊन म्हशी कुरवाळत फिरत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रियांका डोक्याला टॉवेल गुंडाळून आली. पडदा बघितला.

"मामी, काय झालं?"

अन् मी, एकतीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवणारी, म्हणले, "लाईट गेली होती वाटतं."

तिनं दिव्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् मटकन खुर्चीत बसली. म्हणली, "आता माझ्यात ताकद न्हाई, मामी. तुमी समोर असताना पण बंद पडलं. अकराच्या आत परत पडलंच तर? मी साहेबाला सांगूनच टाकते की मी येते हैदराबादला." अन् फोन उचलला.

मला तिचा हात धरायचा होता, पण मी फोनच हिसकावून घेतला.

"मी दळत होते," मी म्हणले. "आत्ता बी, अन् इतके दिवस बी. घरघंटी लावली की ते बंद पडतं. मी आत्ता डोळ्यांनी बघितलं. तू उठली की मी दळायची. दर बारीला. मीच."

टॉवेल सुटून खांद्यावर आला. मंग एकदम हळू आवाजात म्हणली, "मामी, तुमी मुद्दाम केलं का? माझं काम सुटावं म्हणून?"

तोंडात मारल्यासारखं झालं. माझा आवाज असा चढला की बाहेर कोंबड्या उधळल्या.

"मुद्दाम? अगं भवाने, तू जाऊ नये म्हणून चार दिवस त्या भट्टीपुढं बसून माझी कंबर गेली! तू गेलीस तर मी या घरात कुणाशी बोलू? त्या घरघंटीशी? लय आवडतेस तू मला, कळलं का? आता ऊठ अन् ते मशीन चालू कर, न्हाईतर छडी आणीन!"

ती माझ्याकडं बघतच राहिली. मंग तिनं टॉवेल तोंडावर दाबला. म्हणलं आता रडते, तर ही हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "मीच तर सांगितलं होतं तुमाला," ती म्हणली, "मी नसले की दळा म्हणून."

हे खरं होतं. पण ते मी आपल्या तोंडानं बोलले नव्हते, एवढी मेहेरबानी केली होती.

मशीन चालू करून सगळं परत मांडायला वीस मिनिटं गेली. दहाला फोटो सुरू झाले. नव्वद फोटो, म्हणजे साडेअकरा. ती म्हणली, "मामी, आपली घरघंटी बंद हाय, पण आपल्याच डीपीवरून लाईट घेणारी बाकीची घरं..." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी चपला घातल्या.

आमच्या गल्लीत अकरा घरं. मी एकेका दारात गेले. "बारापर्यंत घरघंटी बंद, मोटर बंद, मिक्सर बंद, इस्त्री बंद." कुणी विचारलं कामून, तर मी नुसतं बघितलं. निम्म्यांना मी शिकवलंय, बघितलेलं पुरलं. एक धुरपताबाई तेवढी आडवी आली. म्हणली, "बाई, तुमी नुसता हात ठेवा ना मशीनवर, मंग कशाला बंद पडतंय?"

आता काय सांगायचं? भर गल्लीत सांगितलं. "हातात काही न्हाई. माझ्या दळण्यानं बंद पडत होतं. तुझी पायली पण त्यातच होती."

"मंग माझी म्हैस?"

"तिचं तिला विचार."

अकरा अठ्ठावीसला शेवटचा फोटो निघाला. प्रियांकानं सगळे जोडले अन् पाठवून दिले. बाराला दहा कमी असताना साहेबाचा फोन आला. मी खाटेच्या कडेवर बसले होते, पदर तोंडात धरून.

"छान झालाय," साहेब म्हणला. "अळी बघून आमच्या इथली एक बाई ओरडली. राहा तुमी तिकडंच, घरूनच काम करा. पण फॉल्ट काय होता शेवटी?"

प्रियांकानं माझ्याकडं बघितलं. म्हणलं गेली आता अब्रू हैदराबादपर्यंत.

"माझ्या सांगण्यात चूक झाली होती, सर," ती म्हणली. "सापडली. मिटवली."

फोन ठेवला अन् ती उठली, कपाटावरून एक मोठी बॅग खाली काढली. भरलेली, फुगलेली. म्हणजे हिनं जायची तयारी आधीच करून ठेवली होती. मला ते बघवेना.

"आता रिकामी करा तुमीच," ती म्हणली अन् बॅग माझ्यापुढं सरकवली.

मी चेन उघडली. वर तिचे दोन ड्रेस. खाली माझं निळं लुगडं. त्याखाली हिरवं. माझा जुना चष्मा, बीपीच्या गोळ्यांच्या सहा पट्ट्या, अन् माझी पेन्शनची कागदं पिशवीत घालून.

"हे काय?"

"तुमाला इथं ठेवून जाणार होते का मी?" ती म्हणली. "मी तिकडं कुणाशी बोलले असते?"

"अन् तुझे मामा?"

"मामांना अजून विचारलंच न्हाई."

मी ते निळं लुगडं मांडीवर घेतलं. रडायला आलं होतं, पण सुनेपुढं रडायची माझी सवय न्हाई. म्हणून म्हणले, "लुगड्याची घडी अशी घालत्यात का गं? सगळं चुरगाळून ठेवलंस."

"मंग दाखवा कशी घालायची," ती म्हणली, अन् पदराचं टोक धरून समोर उभी राहिली.